होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि आपल्या गोठ्यातली गाडी

धारहून मांडूला निघाले की वाटेत नालछा लागते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथून गाड्यांची रांगच्या रांग जाते. मांडूचे ढग बघायला इंदूर, धार, देवास, उज्जैन इथली मंडळी याच रस्त्याने जातात. रस्ता जुना आहे. माळव्याच्या सुलतानांच्या स्वाऱ्या इथून गेल्या. १६१७ साली जहांगीर बादशहा मांडूला येऊन पावसाळाभर राहिला. मराठी राज्य माळव्यात रुजल्यावर हा मुलूख धारच्या पवारांकडे आला. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला सर जॉन माल्कमने नालछ्यातली एक जुनी इमारत डागडुजी करून घेतली आणि उन्हाळ्यात तो तिथे राहू लागला. हत्ती, घोडे, पालख्या, बैलगाड्या अशी सगळी वाहने या रस्त्याने पाहिली. शेवटी मोटार आली.

मागच्या गणपतीत आमच्याकडे आरतीला आलेल्या एका पाहुण्यांनी मोबाइलवर एका गाडीचे छायाचित्र दाखवले. लांबलचक बॉनेट, त्याच्या बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत जाड नळ्या, मागे मोजून दोन माणसांची जागा. अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात काढलेले छायाचित्र होते ते. गाडी अमेरिकन, बॉडी इंग्रज आणि मूळ मालक आपले इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर. घरातली तरुण मुले मोबाइलभोवती जमली. एकाने विचारले, "आपल्या इंदूरची गाडी तिकडे कशी काय?" दुसऱ्याने त्याहून अडचणीचा प्रश्न विचारला, "आणि इकडे राहिली असती तर आज असती का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. त्यानिमित्ताने जे वाचले, आठवले आणि मनाशी जुळवले, ते मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहे.

गाडीचे कूळ

ड्यूसेनबर्ग हे नाव दोन भावांचे. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग जर्मनीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि आयोवा राज्यात वाढले. दोघेही हाताने शिकलेले कारागीर. सायकली दुरुस्त करता करता ते मोटारीच्या इंजिनांकडे वळले. पहिले नाव झाले ते शर्यतींत. १९२१ साली फ्रान्समध्ये ल मांस येथे झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फी या चालकाने ड्यूसेनबर्गमधून जिंकली. अमेरिकन गाडीने युरोपातली इतकी मोठी शर्यत जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढे इंडियानापोलिसची प्रसिद्ध पाचशे मैलांची शर्यत त्यांच्या गाड्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक हे आज आपण गृहीत धरतो. विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदा आणणाऱ्यांत ड्यूसेनबर्ग बंधूंचे नाव घेतले जाते.

पण उत्तम कारागीर हा उत्तम व्यापारी असतोच असे नाही. कंपनी कर्जात गेली आणि १९२६ साली एरेट कॉर्ड या उद्योजकाने ती विकत घेतली. त्याने फ्रेडला एकच काम सांगितले: जगात सगळ्यांत चांगली मोटार बनव. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'मॉडेल जे' लोकांसमोर आली. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २६५ अश्वशक्ती. त्याच काळातल्या फोर्डच्या 'मॉडेल ए'ची ताकद ४० अश्वशक्ती होती, एवढे सांगितले म्हणजे फरक लक्षात येईल. १९३२ मध्ये त्यावर सुपरचार्जर बसवून 'एसजे' निघाली आणि ताकद ३२० वर गेली. सुपरचार्जर म्हणजे सोप्या भाषेत इंजिनाला लावलेला भाता. लोहार भाता मारून निखारे फुलवतो, तसा हा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो आणि जादा पेट्रोल जाळतो. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग स्वतः मोटार अपघातात जखमी होऊन वारले. १९३७ मध्ये कंपनीही बंद पडली.

नऊ वर्षांत 'मॉडेल जे' जातीच्या सर्व मिळून ४८० च्या आसपास गाड्या बनल्या. सुपरचार्जरच्या तर तीन-चार डझनच. यांतली एक इंदूरच्या महाराजांची.

या गाड्यांची विक्रीची रीत आज ऐकायला गंमतशीर वाटते. कंपनी बहुधा नुसती चेसिस विकायची: सांगाडा, इंजिन, चाके, स्टिअरिंग. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या आवडीच्या कारखान्यातून करून घ्यायची. कापड एका दुकानातून घ्यावे आणि शिवायला आपल्या शिंप्याकडे टाकावे, तसे. चेसिसची किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती, पुढे ९,५०० झाली. त्या वेळच्या विनिमय दराने ९,५०० डॉलर म्हणजे २५ हजार रुपयांच्या वर. सोने तोळ्याला पस्तीस रुपयांच्या आसपास होते ते हे दिवस. म्हणजे नुसत्या सांगाड्यालाच सातशे तोळे सोने!

महाराज आणि त्यांची आवड

यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे. १९२५ मध्ये मुंबईला मलबार हिलवर मोटारीतून जाणाऱ्या बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, त्या प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेले यशवंतराव गादीवर बसले. पूर्ण अधिकार १९३० मध्ये मिळाले. मधल्या काळात ऑक्सफर्डला शिक्षण झाले आणि तिथेच युरोपच्या नव्या कलेची गोडी लागली. एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराशी तिथे ओळख झाली, आणि त्याच्याकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. १९३० ते १९३३ या काळात झालेला हा वाडा आपल्या नेहमीच्या राजवाड्यांसारखा नव्हता. घुमट नाहीत, कमानी नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, काच, पोलाद आणि गारव्यासाठी यंत्र. महाराज आणि महाराणी संयोगितादेवी यांची छायाचित्रे मॅन रे याने काढली, चित्रे बूते द मॉन्वेल याने रंगवली आणि शिल्पकार ब्रांकुसीकडून 'अवकाशातला पक्षी' या शिल्पाच्या प्रती विकत घेतल्या गेल्या.

अशा माणसाने १९३५-३६ च्या सुमारास ड्यूसेनबर्गची 'एसजे' घेतली. चेसिस अमेरिकेतून लंडनला गेली आणि गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या नामांकित कारखान्यात तिच्यावर साज चढला. लांब चेसिसवर सहसा सहा-सात माणसांची बंद गाडी करत. महाराजांनी तिच्यावर दोन माणसांची उघडी, शर्यतीच्या घाटाची बॉडी करून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. पुढे लाल आणि निळे दिवे होते. समोरून गाडी येताना आत कोण बसले आहे ते दिव्याच्या रंगावरून कळावे, ही त्यामागची कल्पना.

कंपनीच्या दाव्यानुसार 'एसजे' ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जात असे. इंदूरहून धार आणि धारहून नालछा हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे कागदावर अर्ध्या तासाचीही मजल नाही. पण तसा रस्ता त्या काळी अख्ख्या माळव्यात नव्हता. काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आषाढात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतायचे तिथे ड्यूसेनबर्गचे काय!

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. ही गाडी ज्या पैशातून आली तो पैसा शेवटी कापूस आणि गहू पिकवणाऱ्या रयतेचा होता. स्मरणिकेत आपण संस्थानांच्या आठवणी काढतो तेव्हा हे विसरू नये. त्याच महाराजांच्या राज्यात १९३८ मध्ये मंदिरे दलितांना खुली झाली, १९४२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करावी म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांना उघड पत्र लिहिले, हेही खरे आहे. माणसाचे दोन्ही पैलू इतिहासात राहतात. गाडीचेही तसेच आहे. ती उधळपट्टीची खूण आहे आणि मानवी हातांनी केलेल्या उत्तम कामाचा नमुनाही आहे. जपायची ती या दोन्ही कारणांसाठी.

माणिकबागेचे काय काय कुठे गेले

१९४८ मध्ये होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, पवारांची धार आणि देवास ही सारी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. यशवंतराव उपराजप्रमुख झाले आणि १९६१ मध्ये वारले. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. राजवाड्यांतून सामान बाहेर पडू लागले ते त्याच्या आगेमागे.

माणिकबागेची कहाणी या बाबतीत मोठी बोलकी आहे. 'इंदूर पेअर्स' नावाचे जगप्रसिद्ध हिरे १९४६ मध्येच न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेले. ब्रांकुसीचे दोन पक्षी, एक पांढऱ्या संगमरवराचा आणि एक काळ्या, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने १९७३ मध्ये घेतले. ते आज कॅनबेराला आहेत. वाड्यातले फर्निचर १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात या महाराजांवर मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जगभरातून हे तुकडे एकत्र आणावे लागले. आणि माणिकबागेत आता केंद्र सरकारचे करखाते बसते. इमारत उभी आहे, एवढेच.

ड्यूसेनबर्गही याच वाटेने गेली. आज ती अमेरिकेत आहे, 'महाराजा ड्यूसेनबर्ग' याच नावाने ओळखली जाते आणि ऐटीत चालते.

मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे. ऐकून वाईट वाटते. आपल्या मातीतून सगळे चांगले बाहेर गेले असे म्हणावेसे वाटते. पण दुसरा प्रश्न अजून उरतो: इथे राहिली असती तर?

तिकडे तरी कशी वाचली?

आपल्याला वाटते, अमेरिका श्रीमंत देश आहे, तिथे अशा गाड्या आपोआप जपल्या जात असतील. तसे मुळीच झाले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ड्यूसेनबर्ग म्हणजे पेट्रोल पिणारे जुने धूड होते. कंपनी बंद, सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्ती करणारा कोणी नाही. काहीशे डॉलरला या गाड्या विकल्या गेल्या. काही भंगारात गेल्या, काहींची इंजिने काढून दुसरीकडे लावली गेली. पहिल्या मालकाने हजारो डॉलर मोजलेली गाडी दहा-पंधरा वर्षांत कोणालाही नकोशी झाली होती.

त्या वाचवल्या त्या हौशी सामान्य माणसांनी. १९५१ मध्ये एल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी ड्यूसेनबर्गवर पुस्तक लिहिले. १९५२ मध्ये ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या तीन गाड्यांच्या मालकांनी मिळून एक क्लब काढला. तीन कामे त्यांनी नेटाने केली.

पहिले काम नोंदींचे. प्रत्येक इंजिनाला 'जे'ने सुरू होणारा क्रमांक होता. चेसिसला वेगळा क्रमांक, बॉडी कोणाची ते वेगळे. कोणते इंजिन मूळ कोणत्या गाडीत होते, पहिला मालक कोण, नंतर कोणाकडे गेली, बॉडी कधी बदलली, हे सगळे क्रमांकागणिक लिहून काढले. कंपनीची कागदपत्रे, पावत्या, जुनी छायाचित्रे गोळा केली. आजही तो क्लब गाडी तपासून प्रमाणपत्र देतो, आणि त्यात गाडीतले काय मूळचे आहे आणि काय नंतरचे, हे पाहिले जाते.

दुसरे काम सुट्या भागांचे आणि कारागिरांचे. जो भाग मिळत नाही तो मूळ भागावरून नव्याने ओतून घ्यायचा. ज्याला ते काम येते त्याच्या हाताखाली दोन तरुण ठेवायचे.

तिसरे काम गाड्या चालवण्याचे. दरवर्षी एकत्र जमायचे, आणि गाडी ट्रकवर न आणता चालवत आणायची. उभी गाडी लवकर मरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

१९७४ मध्ये ऑबर्न गावी, जुन्या कंपनीच्याच इमारतीत, या गाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. बनलेल्या ड्यूसेनबर्ग 'जे'पैकी निम्म्याहून कितीतरी अधिक गाड्या आज जगात आहेत. इतक्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे आश्चर्यच म्हणायचे. त्यांची किंमतही मग वाढली. चित्रपट नट गॅरी कूपर यांची ड्यूसेनबर्ग २०१८ मध्ये लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. पण क्रम लक्षात घ्या. किंमत होती म्हणून जपली असे घडले नाही. जपली, कागद ठेवले, म्हणून पुढे किंमत आली.

आमच्या गोठ्यातली शेवरोलेट

आता घरचे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

त्या काळी माळव्यातल्या राजेलोकांकडेच अमेरिकन गाड्या होत्या असे नाही. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला गाड्या जोडायला सुरुवात केली. मग वकील, डॉक्टर, कंत्राटदार, संस्थानी कामदार यांच्या दारात फोर्ड आणि शेवरोलेट दिसू लागल्या. इंग्रजी गाडीपेक्षा त्या जमिनीपासून उंच, इंजिन दमदार, किमतीला बेताच्या आणि गावातला फिटरही उघडून जोडू शकेल अशा साध्या. आपल्या कच्च्या रस्त्यांना त्याच मानवल्या. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या, त्याही अमेरिकनच.

आमच्या आजोबांनी अशीच एक जुनी शेवरोलेट लिलावात घेतली होती. माझ्या लहानपणी ती गोठ्याच्या एका कोपऱ्यात विटांवर उभी होती. चाके केव्हाच निघाली होती. आम्ही मुले तिच्यात बसून तोंडाने हॉर्न वाजवत मांडूला जायचो. कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायची. १९७४ साली घराच्या वाटण्या झाल्या, गोठ्याची जागा हवी होती, आणि गाडी भंगारवाल्याला किलोच्या भावाने गेली. तो घणाने बॉडी तोडत होता तेव्हा आजी आतल्या खोलीत जाऊन बसली. रेडिएटरची पितळी टोपी मी लपवून ठेवली होती, ती आजही देवघराच्या फळीवर आहे. गाडीचे कागद त्याआधीच वाळवीने खाल्ले होते. गाडी कोणत्या सालची, मूळ मालक कोण, इंजिनाचा क्रमांक काय, आज आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही.

त्यात दोष द्यायचा तर कोणाला देणार? आम्हालाच. गरिबीने गाडी गेली असे म्हणता येईल, पण ते अर्धेच खरे आहे. तिला काही मोल आहे हे आमच्या मनातच आले नाही. म्हणून "इथे राहिली असती तर?" या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: गाडी कुठे होती यापेक्षा तिच्या भोवती कोण होते हे महत्त्वाचे. होळकरांची ड्यूसेनबर्ग एखाद्या बंद मोटारखान्यात, हिशेब नसलेल्या कागदांसह, वारसांच्या भांडणात अडकून पडली असती, तर तिची गत आमच्या शेवरोलेटसारखी व्हायला वेळ लागला नसता.

आणि इथे राहूनही वाचलेल्या गोष्टी आहेत. होळकरांच्याच महेश्वरला अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले हातमाग १९७० च्या दशकात बंद पडायच्या बेतात होते. त्या दशकाच्या शेवटी यशवंतरावांचे चिरंजीव रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी 'रेहवा' संस्था काढून ते पुन्हा चालते केले. आज महेश्वरी साडी आपल्या लेकीसुनांच्या अंगावर आहे, संग्रहालयाच्या काचेआड नाही. गाड्यांच्या बाबतीतही आपल्या शेजारचे उदाहरण आहे. बडवानीच्या राजघराण्यातले मानवेंद्र सिंह यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करण्याला आयुष्य दिले आणि शारदा द्विवेदी यांच्यासोबत राजेरजवाड्यांच्या मोटारींचा इतिहास पुस्तकरूपाने लिहून ठेवला. जे माळव्याबाहेर घडले, ते माळव्यातही घडू शकते.

आपल्याला काय करता येईल

१९७२ मध्ये सरकारने जुन्या मोटारी देशाबाहेर पाठवायला बंदी केली. त्यामुळे गाड्या बाहेर जायच्या थांबल्या. पण बंदीने गाडीला तेलपाणी होत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले, ते घराघरांत माहीत व्हायला हवेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात असलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी चारचाकी किंवा दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. ही गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरती चालवता येते. तुमच्या वाड्यात काकांची फियाट, आजोबांची जीप, वडिलांची जावा उभी असेल, तर हा नियम तुमच्यासाठीही आहे.

गाडी चालू करण्याआधी कागद शोधा. नोंदणीपुस्तक, विम्याची पावती, लायसन, गाडीसमोर उभे राहून काढलेले लग्नातले छायाचित्र, काहीही चालेल. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक वहीत उतरवा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा आणि ती कधी, कोणाकडून, कितीला घेतली ते विचारून तारखेनिशी लिहा. हे काम आज करायचे. पुढच्या गणपतीत तो माणूस असेलच असे नाही.

मग यंत्राकडे वळा. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला एकदम सेल्फ किंवा हँडल मारू नका. आत गंज धरलेला असतो, पिस्टन अडकलेले असतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहा. टाकीतले जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, ते काढून टाका. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या आणि वॉशर बदला आणि टाकी भरून ठेवून विसरू नका. ब्रेकचे तेलही हवेतला ओलावा शोषते, ते ठरावीक काळाने बदलावे लागते. पावसाळ्यात गाडी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. आत वाफ धरते आणि गंज दुप्पट वेगाने चढतो. सुती कापड घाला आणि उघडीप मिळाली की हवा खेळू द्या. बॅटरी काढून ठेवा, गाडी जॅकवर घ्या म्हणजे टायर बसणार नाहीत.

आणि उंदरांकडे लक्ष ठेवा. गणरायाचे वाहन आपल्याला पूज्य आहे, पण ते आपल्या वाहनाच्या वायरी कुरतडते आणि सीटच्या काथ्यात घर करते, हेही तितकेच खरे.

रंगाची मात्र घाई नको. पुष्कळ जण गाडी सापडली की आधी लखलखीत रंग मारून घेतात. जुना रंग, जुने कातडे, डॅशबोर्डवरची झिजलेली अक्षरे हे गाडीचे मूळ दस्तऐवज आहेत. एकदा घासून काढले की परत येत नाहीत. जे टिकाऊ आहे ते राहू द्या, जे मोडले आहे तेवढे दुरुस्त करा, आणि काय बदलले ते वहीत लिहा. गावातला जुना मिस्त्री अजून हातपाय हलवत असेल तर त्याच्याकडे आपल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी रविवारी पाठवा. कार्बोरेटर कानाने लावणारी ती शेवटची पिढी आहे.

मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत एक सकाळ जुन्या वाहनांसाठी ठेवावी. बक्षिसे नकोत, स्पर्धा नको. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणावे: मोटार, स्कूटर, सायकल, बंद असेल तर ढकलत आणावे. शेजारी एक टेबल मांडून दोघांनी वही घेऊन बसावे आणि प्रत्येक वाहनाचा क्रमांक, साल आणि कथा उतरवून घ्यावी. ती वही मंडळाच्या कपाटात राहील. इंदूर, धार, देवास इथल्या मंडळांनीही तसेच केले, तर माळव्यातल्या मराठी घरांच्या वाहनांची एक नोंद तयार होईल. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या त्या मंडळींनी याहून वेगळे काय केले होते?

ज्या मुलाने तो दुसरा प्रश्न विचारला होता, त्याने गेल्या महिन्यात माझ्याकडून रेडिएटरची टोपी मागून घेतली. आतल्या बाजूला पुसट अक्षरे आहेत, ती भिंगाखाली धरून त्याने वहीत उतरवली. गाडी त्यातून परत येणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. टोपी पुसून त्याने पुन्हा देवघराच्या फळीवर ठेवली आणि विचारले, "काका, आता वहीत पुढचे कोणाचे लिहू?"